मानशीची फळी

दुर्भाटच्या खाजनात भात कापून झालं
की आम्हाला नव्वद पावलांची धावपट्टी मिळते.
अलीकडे बांध, पलीकडे खारफुटी,
आणि खारफुटीच्या पायाशी तो चिखल
जो चप्पल ठेवून घेतो.

माझं ट्रेनर विमान पिवळं, जाड पंखांचं.
उतरायला राजी नसतं.
मोटर बंद केली तरी गुडघाभर उंचीवरून
तरंगत राहतं, निघतो निघतो म्हणत
उंबऱ्यातच गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखं.
मग खारफुटी.

"फ्लॅप लावतो," मी म्हटलं.
सिप्रियान पदेर. पहाटे तीनला भट्टी लावतो,
दुपारी आमच्यात येतो, भुवयांवर पीठ तसंच.
"ट्रेनरला फ्लॅप म्हणजे बैलाला ब्रेक," तो म्हणाला.
"ते आधीच हळू जातं. घाई तुझ्या बोटांत आहे."
खरं होतं, म्हणून ऐकलं नाही.

पंखात दोन सर्वो होतेच, एकेका बाजूला एक.
रिमोटच्या मेनूत एक ओळ बदलली
आणि दोन्ही एलेरॉन एकदम खाली झुकले.
फ्लॅपेरॉन. वळवायचंही त्यांनीच,
अडवायचंही त्यांनीच. वजन शून्य, खर्च शून्य.
विदुला म्हणाली, आमच्या पंचायतीत असंच चालतं:
घरपट्टी आणि मृत्यूचे दाखले, टेबल एक, बाई एक.

पहिल्या फेरीत त्याने नाक वर केलं,
घोडा पाणी बघून करतो तसं.
एलिव्हेटर थोडा खाली दिला.
दुसऱ्या फेरीत ते इतकं सावकाश आलं
की खालच्या धसकटांवर त्याची सावली
मला मोजता आली.
मी सुखावलो. तेवढ्यात जुवारीवरून वारा.
डावा पंख कलला, मी काठी उजवीकडे दिली.
डावी फळी, आधीच वाकलेली,
अजून वाकली,
आणि जो पंख उचलायचा
तोच तिने बुडवला.

चिखल. पंखा तुटला, नाक पिचकलं.
सिप्रियान काही बोलला नाही.
तो न बोलणं फार मोठ्याने करतो.

पंख काखेत मारून बांधावरून परतताना
मानस लागते. पूर्वी बाबा ती राखायचे.
भरती चढली की फळ्या आपोआप मिटतात,
ओहोटीला उघडतात, कुणी सांगावं लागत नाही.
मी सहावीत असताना लिलाव घेणाऱ्याने
मासळी जास्त मिळावी म्हणून
फळी अर्धी उघडी बांधून ठेवली.
पाणीही थांबेल, मासाही येईल.
खारं पाणी आत आलं ते राहिलंच;
दोन वर्षं कोरगूटसुद्धा उगवलं नाही,
आणि कोरगूट म्हणजे मीठ खाऊन वाढणारं भात.
बाबांनी दोर कापला, एवढंच म्हणाले,
"फळीला एक काम सांगावं."

मी तिथे उभा राहिलो. पाणी चढत होतं.
फळीने दगडाला पाठ लावली, बारीक कुरकुरली.

रविवारी करवतीचं पातं घेतलं.
प्रत्येक एलेरॉन मधून कापला:
बाहेरचा तुकडा वळण्यासाठी,
आतला, अंगाजवळचा, फक्त वाकण्यासाठी.
अजून दोन सर्वो, वायरी, चिकटपट्टीची बिजागरं.
वजन अठ्ठावीस ग्रॅम वाढलं.
सिप्रियानने बोटाने फ्लॅप खाली करून पाहिला,
सोडला, पुन्हा केला.
"कोन कमी ठेव," म्हणाला. बस, एवढंच.

शनिवारी, वाऱ्याला तोंड करून, फ्लॅप अर्धे,
ते बांधावरून आत आलं
आणि साठाव्या पावलाशी
चक्क बसलं.
म्हणजे उडी नाही, घसरण नाही, काही नाही.
आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो,
कुणाला धावायचं नव्हतं.

फ्लॅप वर घ्यायचे राहिले. तसंच घरी आणलं,
कान पाडलेलं.
विदुलाने दारात आधी माझे पाय पाहिले.
"आज दोन्ही?"