कार्यक्षेत्र

परवाना काचेत आहे,
पण खारी हवा काचेला विचारत नाही.
शिक्क्याची जांभळी शाई पसरत पसरत
निबंधकांच्या सहीला येऊन टेकलीय.
मार्च संपायच्या आत मी तो भिंतीवरून उतरवते,
मागच्या पालीला हुसकते
आणि सहाच्या एसटीने वेंगुर्ल्याला निघते.

चलन. दोन फोटो. चारित्र्याचा दाखला.
ठाण्यातला हवालदार दर खेपेला विचारतो,
"यंदा काय गुन्हो?" आणि स्वतःच हसतो.
माझं चारित्र्य बारा महिने टिकतं,
सुक्या बांगड्यापेक्षा थोडं जास्त.

बाबा गेले तेव्हा तराजू माझ्या नावे झाला,
परुळ्याच्या बाजारातलं दुकान झालं,
शिसवी पेटीसुद्धा, तिच्या न लागणाऱ्या चावीसकट.
परवाना नाही झाला.
तो माणसाबरोबर जातो, म्हणाले कार्यालयात,
तुम्ही नव्याने अर्ज करा,
हेमलता पुरुषोत्तम रेवणकर.
तीन महिने फळ्या लावलेल्या.
बायका पदराच्या गाठीत काहीबाही बांधून येत,
फळ्यांकडे बघत, परत जात.
त्या तीन महिन्यांत कुणी कुठून
काय दराने आणलं
ते कुठल्याच वहीत नाही.

म्हणून पाटी हातभर अक्षरांची:
तारणावर पंधरा, बिनतारण अठरा, वर्षाला.
'वर्षाला' हा शब्द मी रंगाऱ्याकडून दोनदा गिरवून घेतला,
कारण माणसं महिन्याला समजतात
आणि तरीही
होय म्हणतात.

पार्वती खवणेकर बांगडी ठेवते,
बांगड्यांसाठी फ्रीज घेते.
इनास फर्नांडिसला वॉशिंग मशीन हवं,
आईच्या मनगटांना आता पिळवत नाही.
वजन त्यांच्या डोळ्यांदेखत,
पावती त्यांच्या हातात, नक्कल माझ्याकडे.
व्याजावर व्याज नाही.
बाबा म्हणत, सोनं घासून कळतं, माणूस पावती मागतो का त्यावरून.

आणि मग जगन चोपडेकर. देवबागचा.
कोर्जाईच्या धक्क्यावर उभं राहिलं की देवबाग समोर दिसतं,
वाळत घातलेली जाळी मोजता येतात.
पण मध्ये कर्लीची खाडी, पलीकडे मालवण तालुका,
आणि माझा परवाना पाण्यात कुठेतरी संपतो,
भरतीला एका जागी, ओहोटीला दुसऱ्या.

लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला.
गणवेश, ट्रंक, मोबाइल. सात हजार.
"कागद करू नको मगे. कोणाक कळताला?"
कळायला मी असते ना.

नाही म्हटलं. तो होडीपर्यंत गेला.
मग पोह्यांच्या डब्यातले माझे सात हजार घेऊन
मी मागून धावले, पायात चपला नव्हत्या.
हातउसने. व्याज शून्य.
व्याज नाही तर सावकारी नाही, असं नियमात आहे.
मी रात्री दोनदा वाचलं.

नारळीपुनवेच्या आधी आला.
सगळे परत, मिठाने कडक झालेल्या नोटा,
आणि वर पिशवीभर गोलमो.

आता हा कुठल्या रकान्यात?
मी पेन उघडून बसले, तो उभा.
"ह्यां व्याज न्हय गे," तो दुखावून म्हणाला. "ह्यो गोलमो."

गल्ल्यातून साठ रुपये काढले, त्याच्या तळव्यावर ठेवले.
पावती यावेळी त्याने मला द्यायची:
गोलमो, पाव किलो, रोख, मिळाले.
वल्ह्याची बोटं. त्याने सही अशी दाबून केली
की नकलेवर उमटली
आणि नकलेखालच्या कोऱ्या पानावरही.

यंदा तपासनीस आला,
पानं उलटत उलटत तिथे थांबला.
पुस्तक नाकाशी नेलं.
माझ्याकडे बघितलं.
पुढचं पान उलटलं.