पाण्याचा हिशेब

कन्नमवार नगरात पाणी यायचं
पहाटे चार पन्नासला.
आधी नळ खोकायचा, मग थुंकायचा,
मग धार.
पिंप भरायला सतरा मिनिटं.
निर्मलाची नाइट असली की पिंप माझ्याकडे,
आणि तिची नाइट महिन्यातून वीस दिवस.

सतरा मिनिटं माणसानं करायचं काय?
सोडून जाता येत नाही, झोपता येत नाही,
खाली दळवींच्या छतातून एकदा गळलं
तर वर्षभर ऐकावं लागतं.
ऋताची सातवीची भूगोलाची वही होती, अर्धी कोरी.
एका पानावर खारे वारे, मतलई वारे,
पुढच्या पानावर मी पिंप काढलं.

पिंप कसलं, पातेलं.
दुसऱ्या दिवशी ढोलकं.
तिसऱ्या दिवशी निळा रंग नाही म्हणून चिडलो.
रंग असता तर जमलं असतं
असं वाटण्याचे दिवस होते ते.

अडत होतं तोंडापाशी.
पिंपाचं तोंड गोल, हे मला पक्कं माहीत.
दर रविवारी त्यात खांद्यापर्यंत हात घालून घासतो मी.
म्हणून गोल काढायचो
आणि पिंप कागदावर पुढं कलंडायचं,
सगळं पाणी भूगोलात.

किती दिवस गेले, मोजले नाहीत.
एकदा पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरली,
गवंडी पट्टी धरतो तशी,
तर तोंड जेवढं रुंद
त्याच्या पावपटही उंच नाही,
मिटत आलेल्या डोळ्यासारखं.
मग इतकी वर्षं मी बघत काय होतो?
त्या दिवशी पिंप वाहून गेलं.
दळवींनी ऐकवलं.

दळवीबाई पुन्हा जिन्यात भेटल्या.
"रोज पहाटे दिवा दिसतो. काय लिहिता हो?"
"हिशेब."
"कसला?"
"पाण्याचा."
त्यांना पटलं.
सोसायटीत त्यावरून एक मीटिंगही झाली.

न काढलेले दिवसही आहेत वहीत.
पाणीकपातीचा बुधवार.
टायफॉइडचे अकरा.
आई गेली तेव्हा तारीख घातली
आणि फक्त नळ काढला, बंद.
एका पानावर नुसतं "कंटाळा",
तेही वळणदार अक्षरात.
पान फाडलं नाही.
त्याच्या पुढच्या पानावरचं पिंप
काही विशेष बरं आलेलं नाही.

वह्या सात झाल्या.
पिंपाशेजारी हळूहळू गर्दी जमली:
तरंगता मग, पाण्यात बल्बचा ठिपका,
काठावर लोंबणारं फडकं,
कधी माझाच अंगठा.

मग इमारत पाडली.
आता सोळावा मजला, चोवीस तास पाणी.
पिंप भंगारवाल्यानं नेलं,
प्लास्टिकला भाव नाही म्हणाला.
मीही घासाघीस केली नाही.
नव्या घरात उशिरापर्यंत झोपायचं ठरलं होतं.
नऊ दिवस झोपलो.
म्हणजे पडून राहिलो,
चार पन्नासला डोळे टक्क उघडे,
बोट चादरीवर काहीतरी गिरवत.

दहाव्या दिवशी उठून
बादली नळाखाली ठेवली.
चकचकीत नळ, खोकत नाही, एकदम धो धो.
आवळत आवळत आणला
करंगळीएवढ्या धारेवर,
मग सुतळीएवढ्या,
मग त्याहून बारीक.
घड्याळ लावून पाहिलं. सतरा मिनिटं.

निर्मलाची सुट्टी होती.
झोपेतून उठून आली, केस मोकळे,
बघते तर मी बाथरूमच्या उंबऱ्यावर,
मांडीवर वही.
"पाणी गेलं काय?"
"आलंय," म्हटलं.
"थांब जरा, काठ राहिलाय."