कवडीचे खड्डे

कपाळावर एवढीशी पांढरी खूण,
म्हणून कवडी.
सारंगखेड्याच्या बाजारात घेतली तेव्हा तीन वर्षांची होती
आणि चांदण्यात स्वतःच्या सावलीला बुजायची.

आता बारा सरलीत.
मागचे दोन्ही घोटे खाली आलेत,
खाटेचं सुंभ सैल होऊन
मधोमध झोळ पडावा, तसे.

जळगावहून डॉक्टरीणबाई आल्या.
पायाचे केस भादरले, गार काहीतरी चोपडलं,
आणि छोट्या पडद्यावरच्या करड्या पावसात
बोट ठेवून म्हणाल्या, ही दोरी.
हिचे पीळ उसवत चाललेत.
शिवता येत नाही?
नाही.
मग आपोआप?
त्यांनी चष्मा पुसला.
रोज चालवा, म्हणाल्या, थोडंसं, सपाट घट्ट वाटेनं.
वाळूत नको. वजन उतरवा.
नाचवू नका.
शेवटचं, माझ्याकडे न बघता.

सुपडू आप्पा कुंपणापलीकडून रोज विचारतो,
"आते कसाले पोसस हिले, रुबाब?
कवडीनी किंमत नही."
स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसतो.
जाताना केळीचा एक खांब टाकून जातो.

खांबाची सोपटं सोलायची.
आत पाणी असतं, मातीच्या माठासारखं गार.
चालून आल्यावर ती घोट्याभोवती गुंडाळायची,
वरून जुन्या लुगड्याची पट्टी.
वैशाखात सुद्धा
अर्धा तास टिकतो गारवा.

लुकमान नालबंदानं नाल घडवला
मागून बंद, अंड्यासारखा.
तीन वेळा मोडला, चौथ्यांदा बसला.
पैसे विचारले तर म्हणाला,
"लग्नात तुझ्या घोडीवर बसलो होतो मी,
विसरलास?"

पुतणी नूरबी दर रविवारी
कंपासपेटीतली पट्टी घेऊन येते.
घोट्यापासून जमिनीपर्यंत मोजते,
भिंतीवर कोळशानं लिहिते.
साडेआठ. साडेआठ. आठ.
एकदा तिनं नऊ लिहिलं.
मी पुन्हा मोजलं नाही.

पहाटे तापीकडच्या गाडरस्त्यानं
आम्ही दोघं.
आधी पिंपळापर्यंत, मग पंपापर्यंत,
आता पुलाच्या पहिल्या खांबापर्यंत.
हयू हयू चाल, माय.
माझाही गुडघा वाजतो.
कोण कोणाला चालवतंय,
बघणाऱ्याला कळू नये.

एका रात्री नदीपलीकडून
बँडचा आवाज आला.
तिचे कान उभे राहिले.
मग मागचा डावा पाय उचलला, ठेवला,
उजवा उचलला, ठेवला,
डावा, उजवा,
आणि मी धावलो, मानेवर हात ठेवला, नको ग, नको.
बँड थांबला.
पाय थांबले नाहीत.
रात्रभर तसेच,
एकाचा भार दुसऱ्यावर, दुसऱ्याचा पहिल्यावर.

तेव्हा मला गेल्या हंगामातली
चोपड्याची वरात आठवली.
लोक म्हणत होते, काय नाचते,
थांबायचं नाव नाही!
दहा-दहाच्या नोटा ओवाळत होते तिच्यावरून.
मी वेचत होतो, वाकून,
तिच्या पायांपाशीच,
आणि वर बघितलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं.
ती गोठ्यात खड्डे खणते.
मागच्या खुरांशी, वीतभर, दोन.
मी रोज सकाळी शिव्या देत बुजवायचो.
महिनाभर बुजवले.
मग एका दुपारी खाटेवर पडून बघत राहिलो.
तिनं आधी खणलं,
मग वळून, मागे सरकून
खुराचं टोक खड्ड्यात सोडलं, टाच काठावर टेकवली,
आणि डोळे मिटले.
तीन महिन्यांत पहिल्यांदा
तिचा खालचा ओठ सुटलेला बघितला.

डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं.
त्या जरा वेळ गप्प झाल्या. मग म्हणाल्या,
राहू द्या. तिला कळतं.

मी कुदळ घेतली.
दोन खड्डे खणले, वीतभर,
काठ थोपटून घट्ट केले,
वर पाणी शिंपडलं.
ती आली. वास घेतला.
मागे सरकली, टोक टेकवून बघितलं,
बाहेर काढलं,
आणि माझा डावा खड्डा
दोन बोटं
आणखी खोल केला.