डावीकडचं सात

मार्च संपत आला, तरी नागू बेटाभोवतीचा बर्फ
हलायला तयार नाही.
शेडमध्ये बोट लाकडी टेकूंवर उभी,
पाण्यावाचून अवघडलेली,
परक्या घरी खुर्चीच्या कडेवर बसावं तशी.
गुन्नेल म्हणते, लगेच काही उचकटू नकोस.
आधी बघ.
शेवटी काय लावलं होतं ते शोध,
सुरुवात तिथूनच.

मी बघते.
छताची पट्टी कोपऱ्याच्या पट्टीवर चढलेली,
कोपऱ्याची खिडकीच्या चौकटीवर,
आणि सगळ्यांच्या खाली, हूं की चूं न करता
चौतीस वर्षं दबून बसलेलं
झोपायच्या फळीशेजारचं पॅनेल.
पितळी स्क्रू हिरवे पडलेत,
खाचेत वॉर्निश साकळलंय.
ते दाभणाने कोरायचं, मग पेचकस घ्यायचा,
आणि आधी उलट नाही, किंचित सुलट फिरवायचा:
घट्ट करायलाच आलो आहोत असं भासवायचं,
की तो सैल होतो.
हे गुन्नेलला कुणी शिकवलेलं नाही.
तिला तीन मुलगे आहेत.

पॅनेल निघतं ते खपली निघावी तसं,
आणि मागून फोम झडतो.
फोम कसला, पिवळा भुगा.
हात लावला की चिकटतो, झटकला की नाकात जातो.
प्लायवूडच्या पाठीवर मूळ सुताराची पेन्सिल:
डावं ७. वरचं टोक इकडे.
आणि एक बाण.
बाण खाली बघतोय.
म्हणजे कधीतरी कुणीतरी हे उलटं बसवलं,
आणि बसेना तेव्हा नवी भोकं पाडली.

बॉर्ये, बोटीचा मालक, कॉफीचा थर्मास घेऊन येतो.
त्याला बाण दाखवला.
तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला,
ते मीच.
त्या उन्हाळ्यात मायलिस रागावून आईकडे गेली होती,
मला काहीतरी दुरुस्त करायचं होतं.
तो हसला. आम्हीही हसलो, बेताने.

नवं कापड निळं, लोकरीचं, जाडसर.
जुनं त्याच्यावर साचा म्हणून अंथरायचं,
चहूकडून चार बोटं जास्त सोडायची,
मधून ताणत ताणत कोपऱ्यांकडे जायचं.
कोपऱ्याला मुरड चालेल, बोचकं चालणार नाही.
टाक्. टाक्. स्टेपल.
संध्याकाळी नऊ पॅनेलं भिंतीला टेकून उभी,
शाळेच्या फोटोसाठी नटलेल्या पोरांसारखी.

आणि दुसऱ्या दिवशी एकही बसेना.

दोन मिलिमीटर. नुसती कापडाची जाडी.
पण ती डावीकडे आहे, उजवीकडेही आहे,
शेजारच्यालाही दोन्हीकडे आहे,
आणि बोट काही वाढलेली नाही.
मला रडू आलं. गुन्नेलने रंधा पुढे केला.
कापड उसव, लाकूड तास.
नवं पांघरायचं तर आतून थोडं कमी व्हावं लागतं,
असलं काहीतरी मी बोलणार होते.
ती म्हणाली, पात्याला धार आहे का बघ.

सातचं काय करायचं?
बॉर्ये म्हणाला, बाणाप्रमाणे लावा.
दारापर्यंत गेला, टोपी घातली,
परत आला.
नको.
उलटं बसवल्यामुळे तिथे एक फुगवटा आलाय.
मायलिस रात्री झोपेत भिंत चाचपते,
फुगवट्यावर हात पडला की थांबते.

तर सात पुन्हा उलटं.
सुताराचा बाण मी खोडला नाही,
त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं,
माहीत आहे.

उतरवलं त्याच्या उलट क्रमाने चढवत गेलो,
सगळ्यात शेवटी छताची पट्टी.
एक स्क्रू उरला.
एक उरतोच, गुन्नेल म्हणाली,
आणि डब्याचं झाकण लावलं.
बाहेर बर्फात कुठेतरी लांबलचक चीर गेली,
कापड फाडल्यासारखी.