पेन पॉइंट

खराडीत सहाव्या मजल्यावर माझं काम असं :
आमच्याच माणसांसाठी आम्ही जी हत्यारं घडवतो
ती त्यांच्या हातात कशी बसतात, ते विचारायचं.
दर तिमाहीला. चौदा प्रश्न,
शेवटी एक मोकळा रकाना.

रुजू झाले तेव्हा निवेदिता मॅडमनी
शब्दांची एक यादी दिली होती. अजून ड्रॉवरमध्ये आहे.
वाईट म्हणायचं नाही, म्हणायचं ऑपॉर्च्युनिटी.
कुणी वापरत नाही, याला लो अडॉप्शन.
लोक वैतागलेत, याला फ्रिक्शन.
एवढ्यात करणार नाही, याला नोटेड,
आणि कधीच करणार नाही, याला
थँक यू, ग्रेट फीडबॅक.
पाढ्यांसारखी पाठ केली मी ती यादी.
वाटायचं, किती मऊ भाषा,
कुणाला लागतच नाही.

या खेपेला एकशे बारा उत्तरं.
सत्त्याण्णव जणांनी मोकळा रकाना मोकळाच ठेवला.
तेरा जणांनी लिहिलं, ऑल गुड.
एकानं : बिल्ड टाइम इज अ पेन पॉइंट.
आणि एक ओळ आली नुसत्या चौकोनांची,
□□□□ □□□ □□
रिकाम्या खोल्यांची चाळ असावी तशी.
डॅशबोर्ड म्हणाला, भाषा ओळखता आली नाही.
वर्गवारी : इतर.

सर्व्हे निनावी असतो, पण
पेमेंट्सच्या टीममध्ये देवनागरीत टाइप करणारा
एकच. रेवणसिद्ध बिराजदार, अक्कलकोटकडचा.
मागच्या गल्लीत चहाच्या गाडीवर गाठला.
हसला. म्हणाला, होय, मीच की.
चाळीस मिन्टं फिरतंय ते.
बिल्ड लावलं की उसण भरल्यागत हुतंय बघा,
ना बसाय येतंय, ना उठाय.

उसण.

यादीत एकच पेन होतं, एकच पॉइंट,
टाचणीच्या टोकाएवढा.
माझी आई हडपसरला एका दवाखान्यात कंपाउंडर होती.
दारात आलेल्याला ती आधी विचारायची,
कळ येते की ठणकतं?
चमक मारते, की नुसती रग लागलीय?
त्या उत्तरावर ठरायचं
शेक द्यायचा, गोळी द्यायची, की रिक्षा बोलवायची.

त्या रात्री सगळी तिकिटं पुन्हा वाचली,
वरचं इंग्रजी खपलीसारखं उचकटत.
लॉगिन दर तासाला बाहेर काढतं, ते चुरचुरणं.
शुक्रवारचं डिप्लॉय ही कळ, घाम फोडून जाणारी.
लॉग सापडत नाहीत, ते सलतं,
कुसळासारखं; दिसत नाही, पण आहे.
आणि जुनं डॉक्युमेंटेशन?
त्याबद्दल तक्रारच नाही कुणाची.
बधिर झालंय ते.
मॅडमच्या स्लाइडवर तो रकाना हिरवा,
आमच्या खिडकीतून जलपर्णीखालची मुळा-मुठा
लॉनसारखी हिरवी दिसते, तसा.

सोमवारच्या रिव्ह्यूत मी म्हणून बसले :
बिल्ड ही उसण आहे.
स्क्रीनवरचे हैदराबादचे साहेब म्हणाले,
सॉरी, कॅन यू रिफ्रेज?
मी म्हणाले, इट्स अ पेन पॉइंट.
सहा चौकटींत सहा माना हलल्या.
नोटेड.

संध्याकाळी मी एक तिकीट टाकलं.
सर्व्हेच्या हत्याराला देवनागरी वाचता येत नाही.
तीव्रता : लो, मीडियम, हाय.
कुठली तीव्रता, ते विचारायची सोय नव्हती.
वर्णनात रेवणची ओळ, जशी बोलला तशी.

फिरत फिरत नऊ वाजता ते तिकीट
माझ्याच नावावर आलं.
ते हत्यार मीच घडवलेलं,
दोन वर्षांपूर्वी, घाईत,
यादी नुकतीच पाठ झाली होती तेव्हा.

खाली रेवणनं लिहिलं होतं,
ना अंगठा, ना हसरा चेहरा,
एवढंच :
कुठं दुखतंय?