आधी सांगणारा सेल

थंडर बेच्या बाहेर, मैदानाला लागून पत्र्याची शेड आहे,
तिथं मी पेंटबॉलचे मार्कर उघडते, पुसते, पुन्हा मिटते.
ऑक्टोबरात रांग लागते. तक्रार बहुतेक एकच:
चाप ओढला, टक् झालं, गोळी काही निघाली नाही.

उर्हो साल्मेला रांगेत शेवटी थांबला, मुद्दाम.
एकतीस वर्षं धान्याच्या एलेव्हेटरवर काढलेला माणूस,
हातात नातवाचा जुना जांभळा मार्कर,
मुठीच्या आत नऊ व्होल्टचा साधा सेल,
गारठून गेलेला.

"चार्ज होणारा दे. लिथियम. पोरं म्हणतात तोच घे."

मी ड्रॉवर उपसला.
हा बघ, यावर बाराशे छापलंय.
तळहातावर घे. लागतोय का बाराशेचा?
छापायला काय, शाईच तर लागते.
हा दुसरा, पोटात छोटं यंत्र घेऊन बसलाय,
शेवटपर्यंत नऊच्या नऊ दाखवतो,
पण त्याची कुणकुण मार्करच्या डोळ्याला सोसत नाही,
नळीत गोळी नसताना आहे म्हणतो.
हा तिसरा. आत दोन घरं, भरला की साडेआठला टेकतो.
आकडा कमी,
पण झटका द्यायची वेळ आली की मागे सरत नाही.
केसभर जाड आहे. बसला नाही तर स्क्रूड्रायव्हरनं रेटू नकोस.
आणि फुगलेला दिसला तर माया नको,
सरळ वाळूच्या बादलीत.

त्यानं तिसरा उचलला, कानाजवळ नेऊन हलवला,
आत दाणा भरलाय की पोचट, बघावं तसा.
"आणि संपताना?"

संपताना कळत नाही, मी म्हटलं.
साधा सेल कुरकुरत जातो.
आधी वेग उतरतो, मग दिवा मिणमिणतो,
दहा वेळा सांगतो, माझ्याच्यानं होत नाही बाबा.
हा एकसारखा चालतो. शेवटच्या गोळीपर्यंत तसाच तरतरीत.
मग बंद.

उर्हो बराच वेळ काही बोलला नाही.
बाहेर कुणाची शिट्टी, कुणाचा वाद, "मला लागलीच नाही!"
"एइनो असाच," तो म्हणाला.
"शिफ्ट संपवली, कार्ड पंच केलं,
गाडीत बसून माझ्यासाठी हॉर्नसुद्धा दिला."
एवढंच.
कोण एइनो, मी विचारलं नाही.
थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून पुढे केली.

"कुरकुरणारा आहे का शिल्लक?"
आहे. पण या हवेत शंभर गोळ्यांत मान टाकेल.
"टाकू दे. सांगून टाकेल ना."

मग स्वतःशीच नाक ओढलं, आणि घेतला तिसराच.
दोन घेतले.
मी दोन्हींवर चिकटपट्टी लावली, तारीख घातली.
दर शुक्रवारी रात्री चार्जरला लाव, खेळ नाहीतर नको खेळू.
एक आतल्या खिशात ठेव, अंगाशी. त्याला ऊब लागते.
त्यानं तो कोटात सारला
आणि वरून दोनदा थोपटलं.

दुपारी मार्कर झकास चालला म्हणे.
तो स्वतः मात्र तिसऱ्याच मिनिटाला बाद,
मास्कवर पिवळा ओघळ घेऊन शेडच्या दाराशी आला,
आणि शुक्रवारी रात्री म्हणजे नक्की किती वाजता,
एवढं विचारून गेला.