आजारपणाची थकबाकी

कलम अकरा, उपकलम क:
न वापरलेली आजारपणाची रजा
नोकरीच्या शेवटच्या दिवशी शून्य होते.
हे वाक्य मीच टाइप केलं होतं, सत्त्याण्णव साली,
एका हातात डोनट धरून.

ऑर्विल शुल्टेच्या नावावर असे एकशे सत्त्याऐंशी दिवस.
एकतीस वर्षं चार नंबरच्या मशीनवर,
लगद्याच्या वाफेत, ओल्या कागदाच्या पट्ट्याशेजारी,
आणि एकदाही आजारी नाही.
आम्हाला कौतुक होतं. दर पाच वर्षांनी एक घड्याळ द्यायचो.

गिरणी बंद होणार हे मार्चमध्ये कळलं.
फॉक्स नदीवरचा बर्फ कडेकडेने सुटत होता.
भरपाई: दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार.
ऑर्विल माझ्या खिडकीशी आला, टोपी काढून.
"एकतीस आठवडे, म्हणजे थेट पुढचा मे."
मी म्हटलं, "सोळा. कमाल मर्यादा आहे."
"कमाल आहे," तो म्हणाला.
मग टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली.

आणि मी,
जिने बावीस वर्षांत कुणाला अर्धा दिवस फुकट दिला नाही,
जिने डोरीन पेल्कीला मावशीच्या मातीला जाऊ दिलं नाही,
कारण मावशी नियमात बसत नव्हती,
डोरीनला वाढवलं होतं मावशीनेच, तरी बसत नव्हती,
ती मी काचेला तोंड लावून म्हणाले,
"ऑर्विल, आजारी पड."

"ठणठणीत आहे मी," तो ओशाळला.
"खोटं नाही लिहिणार."
पण फॉर्मचा गठ्ठा घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी पहिला फॉर्म आला.
कारण: दाढ.
तारीख: अकरा नोव्हेंबर, एकोणीसशे ब्याण्णव.
"गाल सुजला होता. रुमाल बांधून रात्रपाळी केली.
ती रजा आता घेतो."

जुन्या आजाराला फॉर्ममध्ये रकाना नाही.
मी शिक्का मारला.

मग ते येतच राहिले.
ताप, एकशे दोन, ज्या रात्री रोलर अडकला.
कांजिण्या, पोरांकडून आलेल्या, वयाच्या चाळिशीत.
पाठ, सलग नऊ दिवस.
कानातला आवाज.
याचे किती दिवस धरायचे, त्याने विचारलं,
तो अजून गेलेलाच नाही.

डोरीन सांगायची, रजेवर तो खरोखर आजारी असतो.
दाढेच्या दिवशी त्याने नुसतं सूप घेतलं.
तापाच्या दिवशी, जूनच्या उन्हात,
ओसरीवर घोंगडी पांघरून बसला होता,
आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना सांगत होता,
जवळ येऊ नका.

जुलैत एक फॉर्म आला, कारणापुढे फक्त नाव: मर्ना.
चार दिवस, ऑगस्ट दोन हजार एक.
बायको गेली तेव्हा नियमाने तीन दिवस दिले होते दुःखाला.
चौथ्या पहाटे सहाला तो मशीनवर हजर.
हजेरी मीच लावली होती, हिरव्या शाईने.
मी चारपुढे शून्य काढलं.
संध्याकाळी फॉर्म परत आला,
शून्यावर काट, शेजारी त्याची सही.

सप्टेंबरअखेर एकशे एकवीस दिवस संपले.
शेवटच्या रोलच्या दिवशी तो कामावर आला,
कागद हाताने चाचपला, जाडी बरोबर आहे म्हणाला.
उरलेले सहासष्ट दिवस मध्यरात्री शून्य झाले.
तेवढं उपकलम मला हलवता आलं नाही.

त्याच आठवड्यात मीही एक फॉर्म भरला, डोरीनच्या नावाने.
एक दिवस, पगारी. कारण: मावशी.
तिने उभ्याउभ्या वाचला,
घडी घातली,
खिडकीतून परत सरकवला.
"आता कुठली माती द्यायची," म्हणाली,
आणि लॉकरची किल्ली ठेवून गेली.